उताराच्या जागेवर घराची आखणी

कोकणात सपाट जमीन म्हटली की ती भाताची. जिथे वर्षाचे पोटापुरते भात पिकते ती मळ्याची जागा जोत्याखाली घालायला कोणाचेही मन धजत नाही. म्हणून वाडवडिलांनी घरे बांधली ती डोंगराच्या अंगाला, उतारावर. खाली भात, मध्ये घर, वर आंबा-काजू आणि त्याच्याही वर रान, अशी मांडणी रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या कितीतरी वाड्यांत दिसते. घाटमाथ्यावर भोर, जावळी, पाटण, आजरा, चंदगड या भागांतही परिस्थिती फार वेगळी नाही.

आज भाऊ वेगळे होतात, कुटुंब वाढते, मुंबईला नोकरी केलेला मुलगा गावी येऊन घर बांधू म्हणतो. वाटणीला येते ती बहुधा उताराचीच जागा. पूर्वी कुदळ-पहारीने खोदायचे असल्यामुळे माणूस डोंगर हात राखून कापत असे. आता जेसीबी येतो, दोन दिवसांत अर्धा डोंगर कापून मैदान करून जातो, आणि शहरात काढलेला सपाट जागेचा नकाशा त्या मैदानावर बसवला जातो. पहिला पावसाळा निघून जातो. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल चढते, पुढच्या भिंतीला तडा जातो, फरशी खचते. घरात घातलेला पैसा आयुष्यभराच्या कमाईचा असतो. म्हणून पहिली कुदळ पडण्याआधी काय पाहावे, कशी आखणी करावी, हे या लेखात सविस्तर पाहू.

आधी जागा पारखा

नकाशा कितीही चांगला असला तरी चुकीच्या जागेवर तो घर वाचवू शकत नाही, ही गोष्ट प्रथम स्पष्ट सांगितली पाहिजे. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी कोसळल्या. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण, २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी डोंगराखाली गेली. प्रत्येक ठिकाणची परिस्थिती निराळी होती. पण मुसळधार पाऊस आणि पाण्याने जड झालेली उताराची माती, ही जोडी सगळीकडे होती. अशा दरडीपुढे गडगा टिकत नाही आणि काँक्रीटचा खांबही टिकत नाही.

जागा उन्हाळ्यात पसंत केली तरी एकदा भर आषाढात तिथे जाऊन उभे राहा. डोंगराचे पाणी कुठून उतरते, कुठे साचते, कुठे जमिनीतून झरा फुटतो, ते पाहून तिथे खुंट्या ठोकून ठेवा. पुढे दिवाळीनंतर आखणी करताना या खुंट्या मोठ्या इंजिनिअरपेक्षाही खरे बोलतील. शिवाय पुढील खुणा दिसल्या तर ती जागा सोडून द्यावी :

• वरच्या अंगाला जमिनीत अर्धगोल भेगा पडलेल्या असणे.
• झाडे किंवा विजेचे खांब एकाच दिशेला कललेले असणे.
• पूर्वी नसलेला झरा अचानक फुटणे, किंवा झऱ्याचे पाणी गढूळ येणे.
• जागा व्हाळाच्या तोंडाशी किंवा दोन उतारांच्या मधल्या घळीत असणे.
• डोंगराच्या पायथ्याशी मोठमोठे सुटे दगड विखुरलेले असणे. ते वरूनच आलेले असतात आणि त्यांच्या मागून आणखी येऊ शकतात.

गावातल्या वृद्ध माणसांना जरूर विचारावे. कोणत्या साली कुठला कडा सुटला, कुठला व्हाळ फिरला, हे त्यांच्या स्मरणात असते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेने दरडप्रवण भागांचे नकाशे तयार केलेले आहेत. आपला डोंगर त्यात कुठे मोडतो याची चौकशी तहसील कचेरीत किंवा जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात करता येते.

उतार मोजायचा कसा?

डोळ्यांना उतार नेहमी फसवा दिसतो, म्हणून तो मोजावाच. त्याला मोठे यंत्र लागत नाही. गवंड्याकडे असते ती पारदर्शक नळी पाण्याने भरून घ्यावी. नळीचे एक तोंड वरच्या खुंटीला आणि दुसरे खालच्या खुंटीला धरले की दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला राहते. जमिनीपासून पाण्याची उंची दोन्हीकडे मोजावी. जो फरक येईल तितका त्या अंतरातला उतार.

समजा, १६ फुटांत २ फूट उतार निघाला. म्हणजे ८ फुटाला १ फूट. कोकणात असा उतार मध्यम समजायला हरकत नाही. २० फुटाला १ फूट असेल तर जागा जवळजवळ सपाटच म्हणावी. ४ फुटाला १ फूट झाला की काम अवघड व खर्चाचे होते, आणि ३ फुटाला १ फूट यापेक्षा तीव्र उतार असेल तर शक्यतो दुसरी जागा पाहावी हेच बरे.

घर आडवे बसवा

उतारावर शेती करताना आपण समपातळी बांध घालतो, नांगरही आडवा धरतो. घराचेही तसेच आहे. घराची लांब बाजू समपातळीत आणि रुंदी उताराच्या दिशेला ठेवावी.

एक हिशेब करून पाहू. घर ४० फूट लांब व २४ फूट रुंद आहे आणि उतार ८ फुटाला १ फूट आहे. घर आडवे बसवले तर उताराच्या दिशेला २४ फूट येतात, म्हणजे मागच्या व पुढच्या भिंतीत ३ फुटांचा फरक पडतो. तेच घर उभे बसवले तर ४० फुटांत ५ फुटांचा फरक. सगळी जमीन भराव घालून सपाट करायची म्हटली, तर आडव्या घराला १,४४० घनफूट म्हणजे सुमारे साडेचौदा ब्रास भराव लागेल; उभ्या घराला २,४०० घनफूट म्हणजे २४ ब्रास. जोत्याची नेहमीची उंची यात धरलेली नाही. एका वळवण्यात साडेनऊ ब्रासांचा फरक पडतो. शिवाय पुढची भिंत ५ फूट उंच मातीचा रेटा सोसण्याऐवजी ३ फूटच सोसते, हा फायदा वेगळाच.

दार पूर्वेलाच हवे असा पुष्कळांचा आग्रह असतो. उतार दक्षिणेला असेल तर घराची लांबी पूर्व-पश्चिम येते. अशा वेळी पडवीच्या पूर्वेकडच्या टोकाला मुख्य दार ठेवता येते. उतार पश्चिमेला असेल तर पूर्वेकडे डोंगर येतो. तिथे दार ठेवायचे झाल्यास पाणी आत येणार नाही इतके जोते उंच हवे आणि दारापुढे मोकळी जागा हवी. दिशेसाठी घर फिरवून उताराच्या उभ्या रेषेत बसवणे मात्र टाळावे.

अर्धे खोदून, अर्धे भरून

वरच्या बाजूची माती काढायची आणि खालच्या बाजूला टाकायची, ही सर्वांत स्वस्त व सोपी पद्धत. पण तिच्यातच तड्यांचे मूळ आहे. घराचा अर्धा भाग युगानुयुगे बसलेल्या घट्ट जमिनीवर येतो आणि अर्धा कालच टाकलेल्या मातीवर. भराव बसत जातो, मूळ जमीन बसत नाही. मग जिथे दोन्ही मिळतात तिथे फरशी आणि भिंत फाटते.

यावर उपाय एकच. भिंतीचा पाया भरावात कधीही ठेवू नये. भरावातून खाली जाऊन तो मूळच्या घट्ट मुरमाला किंवा जांभ्याला टेकला पाहिजे. उतारावर पाया पायऱ्यापायऱ्यांनी उतरवावा. प्रत्येक पायरीचा तळ पाणसळीत सपाट असावा, तिरपा नसावा. पायरी साधारण फूटभर उंचीची ठेवावी आणि वरच्या टप्प्याचे बांधकाम खालच्या टप्प्यावर दोन फूट तरी चढलेले असावे.

भराव घालताना माती एकदम ओतून वरून रोलर फिरवला म्हणजे झाले, असे नाही. सहा ते नऊ इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुम्मस; असे थरावर थर द्यावेत. झाडांचे बुंधे, मुळ्या, पालापाचोळा भरावात जाऊ देऊ नये. ते कुजले की तिथे पोकळी राहते. जमल्यास भरावाला एक पावसाळा द्यावा आणि फरशी दुसऱ्या वर्षी घालावी.

मागे डोंगर कापताना तो भिंतीसारखा सरळ कापू नये. कठीण मुरमात किंवा जांभ्यात दर फूट उंचीला निदान अर्धा फूट मागे सरकावे. तांबड्या मऊ मातीत दर फुटाला पूर्ण फूट. कापलेल्या दरडीपासून घराची मागची भिंत दरडीच्या उंचीइतकी तरी दूर असावी. आठ फूट दरड असेल तर आठ फूट मागील दार मोकळे. ही जागा वाया जाते असे वाटते. पण उजेड, वारा, गाळ काढायची सोय आणि जिवाची सुरक्षितता ही सारी तिथूनच मिळते.

दोन पातळ्यांचे घर

सगळे घर एकाच पातळीत आणायचा हट्ट सोडला तर खर्च आणखी कमी होतो. वरच्याच उदाहरणात २४ फूट रुंदीचे १२-१२ फुटांचे दोन पट्टे करू. डोंगराकडचा पट्टा वर, दरीकडचा दीड फूट खाली. आता प्रत्येक पट्ट्यात उतार दीडच फुटाचा राहतो आणि भराव ७२० घनफूट, म्हणजे सुमारे सात ब्रास, पहिल्याच्या निम्मा. दोन पातळ्यांमध्ये सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या पुरतात.

आपल्या जुन्या घरांत हे ज्ञान होतेच. खळ्यातून पडवी, पडवीतून ओटी, ओटीवरून माजघर, असे एकेक पायरी चढत आपण आत जात असू. पाहुणा कुठवर आला हेही त्या पायऱ्यांवरून कळे.

पण पायऱ्या कुठे ठेवायच्या याचा विचार घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून करावा. गुडघे धरलेल्या आजीला रात्री न्हाणीकडे जाताना एकही पायरी लागता कामा नये. म्हणून वृद्धांची खोली, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी आणि संडास ही सारी एकाच पातळीवर घ्यावीत; ओटी, मुलांची खोली, बी-बियाणे व अवजारांची खोली खालच्या पातळीवर चालते. दीड फुटाच्या फरकाला पायऱ्यांबरोबर एक तिरपी वाटही करता येते. दर फूट उंचीला १२ फूट लांबी धरली तर तिला १८ फूट लागतील. घराच्या बाजूने ती काढली तर आजारी माणसाची खुर्ची जाईल आणि भाताची पोतीही ढकलगाडीवरून घरात येतील.

उतार ४ फुटाला १ फूट असेल तर पुढच्या पट्ट्याखाली आपोआप एक बसकी खोली मिळते. ती सरपण, अवजारे, काजूची फळे उतरवायच्या टोपल्या यांना उत्तम. मात्र तिची मागची भिंत मातीला लागून असल्यामुळे ती कितीही केले तरी दमट राहते. भात, काजूबी, खत तिथे ठेवू नये. गुरेही झोपायच्या खोलीखाली बांधू नयेत. वास व डास यांचा त्रास होतोच, शिवाय गवत पेटले तर माणसांना बाहेर पडायला वाट राहत नाही.

खोल्यांची मांडणी

आता ४० फूट बाय २४ फुटांच्या घराची एक नमुन्याची आखणी पाहू. मापे भिंतींसह ढोबळ आहेत. आपापल्या कुटुंबाप्रमाणे ती बदलावीत.

वरचा, म्हणजे डोंगराकडचा पट्टा : एका टोकाला १२ फुटांचे स्वयंपाकघर, मध्ये १६ फुटांचे माजघर, दुसऱ्या टोकाला १२ फुटांची वृद्धांची खोली. या खोलीला लागून घराच्या बाजूला उतरत्या पाख्याखाली न्हाणी व संडास.

खालचा, म्हणजे दरीकडचा पट्टा : मध्ये १६ फुटांची ओटी, दोन्ही बाजूंना १२-१२ फुटांच्या दोन खोल्या. त्यापुढे सहा ते आठ फूट रुंदीची पडवी, आणि पडवीपुढे आणखी एक-दोन पायऱ्या उतरून खळे.

या मांडणीत स्वयंपाकघर व संडास घराच्या दोन टोकांना जातात. त्यामुळे विहीर स्वयंपाकघराच्या बाजूला आणि संडासाचे खड्डे दुसऱ्या बाजूला ठेवता येतात, आणि दोहोंमध्ये घराचीच ४० फूट लांबी आपोआप पडते.

डोंगराकडच्या खोल्या अंधाऱ्या होण्याचा धोका असतो. त्यावर मागील दार मोकळे ठेवणे, बाजूच्या भिंतींत मोठ्या खिडक्या घेणे आणि माजघरावर दोन-चार काचेची कौले बसवणे हे स्वस्त उपाय आहेत. पश्चिमेकडच्या पडवीचे पाखे खाली उतरते ठेवावे, म्हणजे पावसाची झड आणि दुपारचे ऊन दोन्ही बाहेरच अडतात.

आखणी करताना एक साधे सूत्र लक्षात ठेवावे : जे आपोआप वाहते ते खाली सोडावे, जे डोक्या-खांद्यावरून वाहून न्यावे लागते ते समपातळीत ठेवावे. सांडपाणी, शेणपाणी, पागोळ्यांचे पाणी खाली जाऊ द्या. पण पाण्याची कळशी, दुधाची चरवी, सरपणाचा भारा यांची वाट शक्यतो आडवी आणि सरळ हवी. दिवसातून वीस वेळा दहा पायऱ्या चढणारी घरातली बाई वर्षाकाठी किती चढते याचा हिशेब नकाशा काढणारा करीत नाही. तो आपणच करावा.

म्हणून कागदावरचा नकाशा पक्का करण्याआधी चुन्याच्या फक्कीने जमिनीवर खऱ्या मापाची आखणी करावी. काटकोन नीट येण्यासाठी दोरीवर ३, ४ आणि ५ हात मोजून त्रिकोण धरावा. मग घरातल्या बायकांना, म्हाताऱ्यांना त्या रेषांमध्ये फिरवावे. चूल इथे, मोरी इथे, पाणी इथून येणार, गाय तिथे. कोणाला काय गैरसोयीचे वाटते ते तिथेच कळते, आणि रेषा पुसायला पैसे पडत नाहीत.

पाण्याची वाट आधी, घर नंतर

उतारावरच्या घराचा खरा वैरी पाणी. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या ४० बाय २४ फुटांच्या छपराचे क्षेत्र सुमारे ८९ चौरस मीटर भरते. म्हणजे वर्षाला अडीच लाख लिटरांहून अधिक पाणी एकट्या छपरावरून उतरते. आढे लांबीच्या दिशेने असल्यामुळे त्यातले निम्मे मागच्या बाजूला, डोंगर आणि भिंत यांच्या बेचक्यात पडते. एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस झाला तर तिथे छपराचे नऊ हजार लिटर पाणी पडेल, आणि डोंगरावरून येणारे वेगळे.

त्यासाठी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, घराच्या वरच्या अंगाला, दरडीच्या कडेपासून काही अंतर मागे, एक आडवा चर खणावा. त्याला अगदी थोडा उतार देऊन पाणी बाजूच्या नैसर्गिक व्हाळात सोडावे. शेजाऱ्याच्या अंगणात नव्हे. चर दरवर्षी आगोटीपूर्वी साफ करावा, कारण तुंबलेला चर नसलेल्या चरापेक्षा वाईट. दुसरी, मागच्या पाख्याला पन्हळ लावावी. तिसरी, मागील दारी भिंतीपासून दूर दगडी गटार बांधून त्याला मध्यापासून दोन्ही टोकांकडे उतार द्यावा. मागच्या बाजूला जोते बाहेरच्या जमिनीपेक्षा दीड फूट तरी वर असावे.

पाण्याची टाकी वरच्या अंगाला बसवली की पंपाशिवाय नळाला पाणी येते, ही उताराची मोठी देणगी. परंतु हजार लिटर पाण्याचे वजन एक टन होते. टाकी दरडीच्या अगदी कडेला ठेवू नये, आणि ती गळत असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करावी. वर्षभर झिरपणारी टाकी उन्हाळ्यातही दरड ओली ठेवते.

खळ्याच्या पुढचा धरबंध सुक्या चिऱ्याचा किंवा दगडाचा गडगा असेल तर पाणी आपोआप निघून जाते. सिमेंटमध्ये बांधला तर दर पाच फुटांवर पाणी जाण्यासाठी भोके ठेवावीत आणि मागे फूटभर जाडीचा दगडगोट्यांचा थर द्यावा. सिमेंटची भिंत भक्कम दिसते. पण मागे साचलेल्या पाण्याला वाट नसेल तर तीच आधी कोसळते. बंधाची पायथ्याची रुंदी उंचीच्या निम्मी तरी असावी आणि भिंत किंचित डोंगराकडे कललेली असावी. पाच फुटांहून उंच बंध घालायचा असेल तर जाणत्या इंजिनिअरचा सल्ला घेण्यात काटकसर करू नये.

विहीर, संडास, गोठा आणि गोबरगॅस

दोन खड्ड्यांचा संडास उतारावर चांगला चालतो. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा, आणि पहिल्यातले खत पूर्ण कुजल्यावर काढायचे. विहिरीपासून खड्डे ५० फूट तरी दूर आणि खालच्या अंगाला असावेत. जांभा सच्छिद्र असतो, त्यातल्या भेगांतून पाणी लांबवर जाते. म्हणून अंतर वाढवता आले तर अधिक चांगले. पुष्कळ ठिकाणी विहीर खालीच, मळ्याच्या कडेला असते. तिथे खड्डे विहिरीच्या सरळ वरच्या रेषेत न घेता बाजूला सरकवावेत. शोषखड्डा भरावात किंवा धरबंधाला लागून मुळीच घेऊ नये.

पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो. गोठा शक्यतो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या अंगाला, स्वयंपाकघराच्या टोकाकडे, एक पातळी खाली ठेवावा. वाट मात्र तिरपी व खरखरीत हवी. शेवाळलेल्या पायऱ्यांवरून भर पावसात दूध आणणे धोक्याचे.

गोबरगॅसला तर उतार हे वरदानच आहे. गोठ्याच्या खाली सयंत्र, सयंत्राच्या खाली खताचा खड्डा आणि त्याखाली परसबाग किंवा माड-पोफळी. शेण उचलायचे कष्ट अर्धे होतात. दोन घनमीटरच्या सयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. गॅसची नळी सयंत्राकडून स्वयंपाकघराकडे चढती जाते, त्यामुळे नळीत जमलेले पाणी आपोआप मागे सयंत्रात उतरते आणि शेगडी फडफडत नाही. नळीला मध्येच कुठे झोळ पडू देऊ नये, एवढे मात्र पाहावे.

स्वयंपाकघराच्या मोरीचे पाणी पाटाने केळी, अळू, नारळाच्या आळ्यात सोडावे. ते एकाच जागी मुरवत ठेवले तर खालचा बंध ढिला होतो. म्हणून दोन-तीन आळ्यांत फिरवत राहावे.

भिंती आणि छप्पर

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची जड माळवदे कोसळून हजारो माणसे गेली. उतारावरच्या घराची एक भिंत आखूड व एक उंच असल्याने हादऱ्यात ते पिळवटते. म्हणून चिऱ्याच्या बांधकामातही जोत्याच्या पातळीला आणि दारे-खिडक्यांच्या वर सळईसह काँक्रीटचा पट्टा सर्व भिंतींवरून सलग फिरवावा. दोन पातळ्यांचे घर असेल तर मधल्या भिंतीशी दोन्ही पट्टे नीट जोडलेले आहेत ना, हे स्वतः उभे राहून पाहावे. दगडी भिंतीत ठिकठिकाणी आरपार जाणारे लांब दगड घातले पाहिजेत.

छप्पर शक्य तितके हलके व साधे ठेवावे. दोन पाख्यांचे सरळ छप्पर उत्तम. दोन छपरे मिळून मध्ये पाण्याची पन्हळ तयार होते ती जागा गळतेच, असा जुन्या सुतारांचा अनुभव आहे.

कामाचा क्रम

पैसा एकदम जमत नाही, हे सर्वांनाच ठाऊक आहे. म्हणून तो कशात आधी घालावा हे महत्त्वाचे. दिवाळीनंतर खोदाई सुरू करावी. पहिल्या उन्हाळ्यात वरचा चर, मागचे गटार, पुढचा बंध आणि जोते एवढे पुरे करावे. कापलेली दरड उघडी ठेवून पावसाळा कधीही काढू नये. काम अर्धवट राहणार असे दिसले तर खोदाईच कमी करावी. पाऊस सुरू होताच दरडीवर वाळ्याची रोपे समपातळीत ओळींनी लावावीत. त्याची मुळे सरळ खोल जाऊन माती धरतात. घराच्या वरच्या अंगाची जुनी झाडे तोडू नयेत. दुसऱ्या वर्षी भिंती व छप्पर, आणि पैसा असेल तशी फरशी, गिलावा, रंग. दिखाऊ काम शेवटी राहिले तरी कोणाचे काही बिघडत नाही.

घरबांधणीची परवानगी, जागेचा बिनशेती वापर आणि शेजारहद्दीची अंतरे याबाबत ग्रामपंचायतीत व तहसील कचेरीत लेखी माहिती आधीच घ्यावी. चराचे पाणी कोणाच्या हद्दीतून जाणार आहे हेही शेजाऱ्याशी बोलून ठेवावे. पावसाळ्यात उभे राहिलेले पाण्याचे भांडण मग पिढ्यान्‌पिढ्या चालते.

शेवटी, यंत्र जागेवर येण्याच्या आदल्या दिवशी घरातल्या सर्वांनी मिळून गवंड्याला पाच प्रश्न विचारावेत. पाया मूळ जमिनीला कुठे टेकणार? डोंगराचे पाणी कुठून जाणार? मागे किती मोकळी जागा राहणार? खोदलेली माती कुठे पडणार? आणि घरातली म्हातारी माणसे रात्री न्हाणीकडे कोणत्या वाटेने जाणार? या पाचही प्रश्नांची उत्तरे जमिनीवर बोट ठेवून मिळाली, तर खुशाल नारळ फोडावा. एखादे उत्तर "पुढे बघू" असे आले, तर यंत्राला चार दिवस थांबायला सांगावे. त्या चार दिवसांचे भाडे पडले तरी चालेल. खचलेले जोते पुन्हा उचलायला त्याच्या कितीतरी पट खर्च येतो.